पॉम फाईल एवढी लांब का असते, आणि ती लांबी कोणाच्या कामाची?

काही महिन्यांपूर्वी एका विद्यार्थिनीचा ईमेल आला. माझ्या एम.ई.च्या वेळच्या प्रोग्रामचा कोड तिला हवा होता. प्रोग्राम छोटासा आहे. मराठी शब्दाला लागलेले प्रत्यय काढून मूळ शब्द शोधतो, म्हणजे 'घराला', 'घराने', 'घराचा' या सगळ्यांतून 'घर' बाहेर काढायचं. त्यावर मी एक पेपर लिहिला होता आणि त्यात आकड्यांचा एक तक्ता होता. तिला तो तक्ता स्वतःच्या मशीनवर पुन्हा काढून बघायचा होता. यात गैर काहीच नाही, उलट संशोधन असंच तपासलं जायला हवं.

पाठवण्याआधी म्हटलं आपण एकदा चालवून बघू. चाललाच नाही. कंपायलर म्हणाला, सोर्स ऑप्शन ५ आता चालत नाही, ७ किंवा त्यापुढचा वापरा. मी चक्रावलो. ५ हा आकडा मी कुठे लिहिलाच नव्हता! दोन ओळी घालून दुरुस्त केलं, माझ्या लॅपटॉपवर आकडे जुळले, कोड पाठवला. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं: 'सर, प्रोग्राम चालतोय, पण एकाही शब्दाचा प्रत्यय निघत नाहीये. तुमच्या तक्त्यातले आकडे येत नाहीत.'

हे वाचताना पोटात गोळा आला, कारण आकडे येत नाहीत याचा दुसरा अर्थ 'तुम्ही आकडे बनवलेत' असाही होतो. त्यात भर म्हणजे माझा पीएचडीचा विषयच हा आहे की जुने जावा प्रकल्प काही वर्षांनी पुन्हा बिल्ड होतात का, आणि होत नसतील तर का. दुसऱ्यांचे प्रकल्प तपासणाऱ्याचा स्वतःचाच प्रकल्प नापास!

दोन्ही घोटाळ्यांचं मूळ एकाच फाईलमध्ये होतं. त्या फाईलचं नाव पॉम.एक्सएमएल. जावावाल्यांची ही सर्वांत नावडती फाईल आहे. ती नको इतकी लांब आहे, अशी तक्रार वीस वर्षं चालू आहे. आज या फाईलची समीक्षा करायची आहे, कथेची किंवा सिनेमाची करतात तशीच. तक्रार खरी आहे का? आणि खरी असेल तर नेमकी कशाबद्दल आहे?

आधी, बिल्ड टूल म्हणजे काय

आपण लिहितो तो कोड मशीन थेट चालवत नाही. तो कंपाईल करायचा, त्याला लागणाऱ्या इतरांच्या लायब्रऱ्या आणायच्या, चाचण्या चालवायच्या, मग सगळं बांधून एक फाईल तयार करायची. ही कामं ठरलेल्या क्रमाने करणारा प्रोग्राम म्हणजे बिल्ड टूल. त्याला सूचना देण्यासाठी जी फाईल लिहावी लागते ती कॉन्फिगरेशन फाईल.

याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. मेकफाईल अगदी आटोपशीर असते, पण त्यात प्रत्येक आज्ञेच्या आधी टॅब लागतो. स्पेस दिली तर चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हे चुकलंय हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. त्या डझनभरांसाठी पुढच्या सगळ्या पिढ्या टॅब शोधत बसल्या.

मग जावाच्या जगात २००० साली 'अँट' आलं. ते जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलं. टॅबचा जाच संपला, पण फाईल एक्सएमएलमध्ये गेली. एक्सएमएल तेव्हा नवं होतं, सगळीकडे तेच चालू होतं. पुढे खुद्द डेव्हिडसन यांनीच लिहिलं की आज पुन्हा करायचं झालं तर मी एक्सएमएल निवडणार नाही. अँटनंतर 'मेव्हन' आलं. त्याची आज आपण वापरतो ती घडण २००५ च्या मेव्हन २ पासूनची. पॉम ही मेव्हनची फाईल.

तक्रार मोजून बघू

एक साधं उदाहरण घेऊ. चाचण्यांसाठी जेयुनिट नावाची लायब्ररी हवी आहे. पॉममध्ये हे सांगायला सहा ओळी लागतात. पहिल्या ओळीत 'डिपेन्डन्सी' हा टॅग उघडायचा. मग ग्रुप आयडी, आर्टिफॅक्ट आयडी, व्हर्जन आणि स्कोप यांची एकेक ओळ. शेवटच्या ओळीत 'डिपेन्डन्सी' बंद करायचा.

आता यात कामाचे शब्द किती? चार: जेयुनिट, पुन्हा जेयुनिट (गटाचं आणि लायब्ररीचं नाव एकच आहे), ४.१२ आणि टेस्ट. आणि टॅग किती? पाच उघडणारे, पाच बंद करणारे, म्हणजे दहा. चार शब्द सांगायला दहा टॅग. ग्रॅडल नावाच्या नंतरच्या टूलमध्ये हेच चार शब्द एका ओळीत मावतात.

अजून एक नमुना. प्रत्येक पॉमच्या डोक्यावर 'मॉडेल व्हर्जन ४.०.०' अशी ओळ लिहावी लागते. सक्तीच आहे, नसेल तर मेव्हन फाईल वाचायला नकार देतं. पण मेव्हन २ आलं तेव्हापासून मेव्हन ३ च्या शेवटपर्यंत तिथे दुसरा आकडा लिहिण्याची कधी वेळच आली नाही. जो रकाना सगळेजण कायम एकाच उत्तराने भरतात, तो विचारायचाच कशाला?

म्हणजे तक्रार खरी आहे. पण लांबीचं खरं नुकसान बोटांचं होत नाही, एडिटर टॅग आपोआप बंद करतो. नुकसान वेगळंच आहे. लांब फाईल कोणी लिहीत नाही, ती कॉपी करतात. सीनियरच्या प्रोजेक्टमधून उचलायची, नाव बदलायचं, चाललं की हात लावायचा नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टांमध्ये बघा, ग्रुप आयडी 'कॉम.एक्झाम्पल' आणि प्रकल्पाचं नाव 'डेमो' असं शेवटपर्यंत राहिलेलं दिसेल. जी फाईल कोणी लिहिलेली नाही ती कोणी वाचलेलीही नसते. मग तिच्यात काय आहे आणि काय नाही, दोन्ही कोणाला माहीत नसतं.

माझंही तेच झालं होतं. फक्त मी थोडी जास्त हुशारी केली होती. कॉपी केलेल्या फाईलमधल्या 'फालतू' ओळी मी काढून टाकल्या होत्या.

काढलेल्या दोन ओळी

पहिली ओळ जावाचं व्हर्जन सांगणारी. ती काढली तरी प्रोग्राम चालला, म्हणून ती फालतू, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात काय झालं? आपण व्हर्जन सांगितलं नाही तर मेव्हनचं कंपायलर प्लगइन स्वतःकडचं एक उत्तर धरून चालतं, आणि त्या काळच्या प्लगइनमध्ये ते उत्तर होतं १.५, म्हणजे जावा ५. मी कॉलेजात जुन्या पुस्तकावरून जावा शिकलेलो. माझ्या कोडमध्ये नव्या जावाचं काही नव्हतंच, त्यामुळे जावा ८ वर ते निमूट चालून गेलं. जावा ९ पासून कंपायलरने ५ ला रजा दिली, जावा १२ पासून ६ ला. मी आता जावा १७ वर होतो. म्हणून ती एरर, मी कधीच न लिहिलेल्या आकड्याबद्दल.

हा घोटाळा तरी प्रामाणिक होता. ओरडून सांगत होता.

दुसरा जास्त वाईट. काढलेली दुसरी ओळ होती सोर्स एन्कोडिंगची, म्हणजे कोडची फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी. इंग्रजीत कोड लिहिणाऱ्याला ती ओळ आयुष्यात कधी लागत नाही. पण माझ्या प्रोग्राममध्ये 'ला', 'ने', 'चा', 'ची', 'चे' ही प्रत्ययांची यादी थेट जावाच्या फाईलमध्ये देवनागरीत लिहिलेली होती. ओळ नसेल तर कंपायलर मशीनचं जे नेहमीचं एन्कोडिंग असेल ते धरतो. माझ्या लिनक्सवर ते यूटीएफ-८ होतं, सगळं सुरळीत. तिचा लॅपटॉप विंडोजवर, आणि तिथे जावा १७ पर्यंत ते सहसा विंडोज-१२५२ असतं. ही युरोपीय भाषांची वर्णमाला आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं. विंडोज-१२५२ त्या तीन बाइटांना तीन वेगवेगळी युरोपीय चिन्हं समजतं. म्हणजे तिच्या मशीनवर माझा 'ला' हा प्रत्यय सहा चिन्हांचा कचरा होऊन कंपाईल झाला. मराठी मजकुरात तो कचरा कुठे सापडणार? म्हणून एकही प्रत्यय निघाला नाही. आणि एररही आली नाही! यादीत एखादा पाय मोडलेला व्यंजन असता तर कंपायलरने निदान कुरकुर केली असती, कारण हलंताच्या चिन्हातला एक बाइट त्या वर्णमालेत बसतच नाही. पण 'ला', 'ने', 'चा' यातले सगळे बाइट तिथे बिनबोभाट बसतात.

मेव्हन मला याबद्दल दरवेळी एक वॉर्निंग देत होतं बरं का. एन्कोडिंग सांगितलेलं नाही, त्यामुळे हे बिल्ड मशीनवर अवलंबून आहे, अशा अर्थाची. शेकडो वेळा ती डोळ्यांसमोरून गेली असेल. पिवळी असते, आपण लाल तेवढीच वाचतो.

(जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच नेहमीचं एन्कोडिंग झालं आहे. मराठीत काम करणाऱ्यांना यातून मोठी सुटका मिळाली. पण जुने जावा अजून लाखो मशीनवर आहेत.)

आखूड फाईलची लांबी जाते कुठे?

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की फाईल आखूड केल्याने माहिती कमी होत नाही, ती दुसरीकडे सरकते. मेव्हनमध्ये 'इफेक्टिव्ह पॉम' दाखवणारी एक आज्ञा आहे. तुम्ही पाच-सात ओळींचा पॉम लिहा आणि ती आज्ञा चालवा. समोर शंभराहून जास्त ओळी येतील. कोड कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचा, कोणती प्लगइन वापरायची, लायब्रऱ्या कुठून आणायच्या, हे सगळं 'सुपर पॉम' नावाच्या मेव्हनच्या पोटातल्या फाईलमधून आणि त्याच्या ठरलेल्या गृहीतकांतून आलेलं असतं. आपण लिहिलं नाही एवढंच.

ही पोटातली माहिती बदलली किंवा जुनी झाली तर काय होतं याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण जानेवारी २०२० चं आहे. जावाच्या लायब्रऱ्यांचं मुख्य भांडार म्हणजे मेव्हन सेंट्रल. त्यांनी १५ जानेवारी २०२० पासून साधं एचटीटीपी बंद केलं आणि फक्त एचटीटीपीएस ठेवलं. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच निर्णय. पण मेव्हन ३.२.३ च्या आधीच्या व्हर्जनच्या सुपर पॉममध्ये पत्ता एचटीटीपीचा होता. जुनं मेव्हन वापरणाऱ्यांचे बिल्ड त्या दिवसापासून थांबले, आणि त्यांनी आपला पॉम कितीही वेळा वाचला तरी त्यात तो पत्ता सापडणार नव्हता.

ग्रॅडलचंही असंच एक उदाहरण आहे. जेसेंटर नावाचं दुसरं भांडार होतं. ते वापरायला एकच शब्द लिहायचा. अँड्रॉइडच्या नव्या प्रकल्पात तो आपोआपच यायचा, त्यामुळे आपण कुठलं भांडार निवडलंय हा प्रश्नच कुणाला पडला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गुंडाळत असल्याची घोषणा झाली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपण एक निवड केलेली होती.

आखूडपणाच्या बाजूने बोलणारे हा खर्च मोजत नाहीत. त्यांची तुलना लिहिण्याच्या दिवसाची असते. माझ्या संशोधनात मी फाईली बघतो त्या मोडण्याच्या दिवशी.

बियाण्याची पिशवी

माझ्या मामांचं अंबड तालुक्यात बियाण्या-खतांचं दुकान आहे. हा लेख लिहीत होतो तेव्हा मी तिथेच होतो. मामा म्हणाले, "एवढं काय लिहायलास रे? कुणी वाचतं का ते?" मी त्यांना सगळा घोळ सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि समोरची सोयाबीनची पिशवी उलटी केली. "हे तरी कोण वाचतं? पण उगवलं नाही की पहिलं हेच मागतात."

जालन्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची सुरुवात इथेच केली आणि तेव्हापासून बियाणं हा या गावाचा धंदा आहे. पिशवीवर पीक, वाण, लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख छापलेली असते. १९६६ च्या बियाणे कायद्याने लेबल लावलंय ते यासाठीच. पेरताना शेतकरी यातलं वाण आणि किंमत बघतो, बाकीचं सोडून देतो. पण कृषी विभाग दर खरिपात सांगतो की पावती, पिशवी, टॅग आणि थोडं बियाणं काढणीपर्यंत जपून ठेवा. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. तेव्हा ज्याच्याकडे लॉट नंबर होता त्याच्या तक्रारीला काही आधार होता. ज्याने पिशवी फेकली होती त्याचं शेत सगळ्यांना दिसत होतं, पण कुठलं बियाणं पेरलं ते सांगता येत नव्हतं.

पॉममधला ग्रुप आयडी, आर्टिफॅक्ट आयडी आणि व्हर्जन म्हणजे कंपनी, वाण आणि लॉट नंबर. डिसेंबर २०२१ मध्ये याची परीक्षा झाली. लॉगफोरजे या जवळपास सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत फार गंभीर दोष सापडला. बाहेरच्या माणसाने पाठवलेला एक मजकूर लॉगमध्ये उतरला तर सर्व्हरवर त्याचा कोड चालू शकत होता. दुरुस्तीही एकदा होऊन भागलं नाही. एकाच महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी चार व्हर्जन आली. जगभरच्या टीमपुढे त्या आठवड्यात एकच प्रश्न होता: आपल्याकडे हे आहे का, आणि कुठलं व्हर्जन? मेव्हनवाल्यांना 'डिपेन्डन्सी ट्री' दाखवणारी आज्ञा देऊन हे सांगता येत होतं, म्हणजे कुठल्या लायब्ररीने कुठली आणली, अगदी आजी-पणजीपर्यंत. ज्यांनी जार फाईली हाताने फोल्डरमध्ये टाकलेल्या होत्या, ते फोल्डर धुंडाळत बसले.

पॉमची अजून एक बाजू माझ्यासारख्याला फार मोलाची वाटते. पॉम हा प्रोग्राम नाही, नुसती माहिती आहे. मी हजार प्रकल्पांचे पॉम, एकही न चालवता, वाचून काढू शकतो. ग्रॅडलची फाईल हा प्रोग्राम असतो. त्यात जर-तर असतं, लूप असतो. तिचा अर्थ काय हे कळायला ती चालवावी लागते, म्हणजे अनोळखी माणसाचा कोड माझ्या मशीनवर चालवायचा. लिहिणाऱ्याला जे स्वातंत्र्य वाटतं, ते वाचणाऱ्याला ओझं होतं.

मग निकाल काय?

माझं मत असं झालंय की 'लांब की आखूड' हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. पॉममध्ये दोन प्रकारची लांबी मिसळलेली आहे. एक लेबलची लांबी: व्हर्जन, एन्कोडिंग, जावाचा आकडा, भांडाराचा पत्ता. ही आज कोणी वाचत नाही, मोडल्यावर पहिली लागते. दुसरी उपचाराची लांबी: दहा टॅग, मॉडेल व्हर्जन, प्लगइनला एक साधी गोष्ट सांगण्यासाठी एकात एक चार पातळ्यांवर उघडलेले टॅग. ही आज त्रास देते आणि मोडल्यावरही उपयोगाची नाही.

पॉमचा खरा दोष लांबी हा नाही. या दोन लांब्या त्यात सारख्याच दिसतात, हा आहे. एन्कोडिंगची ओळ आणि मॉडेल व्हर्जनची ओळ शेजारी शेजारी, एकाच तोंडवळ्याच्या. कंटाळलेला विद्यार्थी छाटणी करायला बसला की त्याला कळत नाही कुठली फांदी वाळलेली आहे. मी नेमकी ओली फांदी तोडली. उपचाराची लांबी अशी माणसाचं डोळं मारते, आणि मग तो लेबलही वाचत नाही.

दुसरा दोष: जे सक्तीने विचारायला हवं ते पॉम विचारत नाही. मॉडेल व्हर्जन नसेल तर फाईल नाकारतो, आणि एन्कोडिंग नसेल तर नुसती पिवळी वॉर्निंग! मला वाटतं हे बरोबर उलटं असायला हवं होतं.

नंतरच्या टूलनी यावर उत्तर शोधलं ते फाईल दोन भागांत तोडून. रस्ट भाषेच्या कार्गोमध्ये माणसाने लिहायची फाईल छोटी असते आणि प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी लॉक फाईल टूल स्वतः लिहितं. एनपीएमनेही २०१७ मध्ये पाचव्या व्हर्जनपासून तेच केलं. पेरणाऱ्याने पिशवी घ्यावी, लेबल कंपनीने छापावं, अशी ती वाटणी. मेव्हनच्या गाभ्यात लॉक फाईल अजून नाही. पण मेव्हन ४ मध्ये बिल्ड करणाऱ्याचा पॉम वेगळा आणि लायब्ररी वापरणाऱ्यासाठी प्रसिद्ध होणारा पॉम वेगळा, अशी फोड केली आहे. एका फाईलचे दोन वाचक आहेत हे मान्य करायला वीस वर्षं लागली, पण झालं ते बरं झालं.

लॉक फाईलने सगळं सुटतं असं मात्र नाही. माझा प्रकल्प कार्गोसारखा असता तरी एन्कोडिंगची चूक लॉक फाईलने पकडली नसती, कारण ती लायब्रऱ्यांची नोंद ठेवते, मशीनबद्दलच्या गृहीतकांची नाही. पकडली असती ती एकाच गोष्टीने, दुसऱ्याच्या मशीनवर एकदा चालवून बघण्याने.

शेतकरी पेरणीआधी घरीच उगवण चाचणी करतात. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सोयाबीनचे सत्तरच्या खाली आले तर जपून. पिशवीवर टक्केवारी छापलेली असतानाही करतात. आता मी कोडचं तेच करतो. मेव्हन उतरवलेल्या लायब्रऱ्या घरच्या फोल्डरमध्ये साठवून ठेवतं. तो साठा बाजूला ठेवायचा आणि अगदी कोऱ्या मशीनवर बिल्ड करायचं, शक्य असेल तर एकदा विंडोजवर. साठा रिकामा केला की मेव्हन सगळं नव्याने उतरवतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करायचं म्हणजे दिवसाचा डेटा त्यातच जातो, मध्येच लाइट गेली तर आणखी वैताग. म्हणून पेपर पाठवण्याआधी एकदाच करतो, पण करतोच.

तिला मी एन्कोडिंगची एक ओळ घालून नवा पॉम पाठवला. आकडे जुळले. तिने एवढंच लिहिलं, 'सर, आता आले.' मी तिला विचारलं नाही की मधल्या चार दिवसांत तिला माझ्याबद्दल काय वाटलं होतं. कोडच्या पानावर मी आता चूक काय होती ते सविस्तर लिहून ठेवलं आहे आणि पॉममधल्या प्रत्येक ओळीवर ती का आहे याची मराठीत टीप दिली आहे.

त्यामुळे फाईल आणखी लांब झाली, पण ते आता मला खुपत नाही.